रेकॉर्ड प्लेअरची मॅट : आवाजात फरक किती?

बालगंधर्वांची नाट्यपदे किंवा कुमार गंधर्वांचे गायन असलेल्या जुन्या ध्वनिमुद्रिका आजही काही मराठी घरांत जपलेल्या आढळतात. मुखेड असो वा मुंबई, असा वारसा लाभलेला रसिक रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करू लागला, की 'मॅट बदला, आवाज सुधारेल' हा सल्ला त्याच्या कानी पडतो. त्यात तथ्य आहे, पण मर्यादित.

मॅट म्हणजे फिरत्या थाळीवर अंथरलेली रबर, फेल्ट, बूच किंवा चामड्याची गोल चकती. ध्वनिमुद्रिका घसरू न देणे, तिला ओरखड्यांपासून वाचवणे आणि थाळीची कंपने शोषणे ही तिची तीन कामे. सुईला खाचेतील कंपन कोणते आणि थाळीचे कोणते, हे ओळखता येत नाही. दोन्ही ध्वनिवर्धकातून ऐकू येतात.

फरक पडेल का, हे घरीच तपासता येते. यंत्र बंद ठेवून, टोनआर्म बाजूला अडकवून, मॅट काढावी आणि थाळीवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. झांजेसारखा नाद घुमला, तर रबराची मॅट उपयोगी ठरेल. जड थाळीतून नुसताच 'ठप्प' आवाज आला, तर फार अपेक्षा ठेवू नये. कोरड्या हवेत स्थिर विद्युतभारामुळे फेल्टची मॅट रेकॉर्डला चिकटून वर येते; मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे ध्यानात ठेवावे.

मॅटची जाडी बदलली, की सुईचा कोनही बदलतो. सुमारे २३ सेंटिमीटर लांबीच्या टोनआर्मला २ मिलिमीटरचा फरक जवळजवळ अर्धा अंश कलवतो. म्हणून टोनआर्मची उंची आणि सुईचा भार पुन्हा जुळवावा. कित्येकदा 'नव्या मॅटचा परिणाम' वाटतो, तो या बदलाचाच असतो.

मॅटवर खर्च करण्यापूर्वी रेकॉर्ड स्वच्छ करावी, यंत्र समतल ठेवावे आणि सुई तपासावी. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, तर एलपीला साधारण १८ ते २५ मायक्रॉनची. झिजलेली किंवा चुकीची सुई केवळ आवाज बिघडवत नाही, खाचही खरवडते. आजोबांच्या संग्रहातील ती खाच एकदा गेली, की कोणतीही मॅट ती परत आणू शकत नाही.