सात पिढ्यांची आशा

संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव वसईच्या ख्रिस्ती घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. वसईत जन्मलेले हे फ्रान्सिस्कन ब्रदर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर रक्तसाक्षी झाले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद बहाल केले. येथवरची कथा आपण सणाच्या प्रवचनांतून ऐकत आलो आहोत. परंतु मधल्या २६५ वर्षांत तेथील सामान्य ख्रिस्ती लोकांचे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. सर्वांनाच क्रुसावर चढण्याचे धैर्य झाले नाही. कित्येक भ्याले, लपले, डळमळले. आणि तरीही त्यांच्या लेकरांच्या लेकरांपर्यंत श्रद्धेची वात विझली नाही. ती कशाच्या बळावर तेवत राहिली, हे आपण येथे पाहू.

संत फ्रान्सिस झेवियर भारतातून निघून १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा येथे उतरले. त्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांत जपानमधील ख्रिस्तसभा झपाट्याने वाढली. मात्र १६१४ मध्ये तोकुगावा शासनाने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. चर्चे पाडण्यात आली, मिशनऱ्यांना हद्दपार केले गेले आणि गुप्तपणे मागे राहिलेले धर्मगुरू एकामागून एक पकडले गेले. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या देशात मिस्सा अर्पण करणारा, पापनिवेदन ऐकणारा कोणी उरला नाही. प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात सक्तीने होऊ लागली.

याहून कठोर परीक्षा होती ती ‘फुमिए’ची. प्रभू येशूची किंवा पवित्र मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवली जाई आणि अधिकाऱ्यांसमक्ष प्रत्येकाला तिच्यावर पाय द्यावा लागे. नागासाकी परिसरात हा प्रकार दरवर्षी होत असे. नकार देणाऱ्याचा छळ ठरलेला. आईच्या कडेवरचे मूल, घरातील म्हातारी माणसे, सारे गाव डोळ्यांसमोर असताना कित्येकांनी तो पाय टाकला. टाकताना त्यांच्या काळजाचे काय झाले असेल, हे परमेश्वरच जाणे.

त्या रात्री घरी परतल्यावर हे लोक काय करीत? दारे लावून ते ‘कोन्चिरिसान’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला. त्याचा अर्थ पश्चात्ताप. १६०३ च्या सुमाराची एक छोटी पुस्तिका त्यांच्यापाशी होती. बिशप लुईस सेर्केरा यांच्या नावाशी ती जोडली जाते. धर्मगुरू मिळणे अशक्य झाले असता मनुष्याने काय करावे, याचा उपदेश तीत होता. शिक्षेच्या भयाने नव्हे, तर देवावरील प्रीतीमुळे मनापासून दुःख करावे. संधी मिळताच धर्मगुरूपाशी पापनिवेदन करण्याचा निश्चय करावा. आणि देवाच्या दयेवर पूर्ण विसंबावे. ख्रिस्तसभा आजही परिपूर्ण पश्चात्तापाविषयी हेच शिकविते. ही पुस्तिका हाताने उतरवून घेतली गेली, तोंडपाठ केली गेली, मरणशय्येवर पडलेल्यांच्या कानांत म्हटली गेली.

आम्हांस येथे थबकावेसे वाटते. ‘आपण प्रभूला नाकारले, आता आपले काय उरले,’ असे म्हणून हे लोक बसले असते, तर पहिल्या पिढीतच सारे संपले असते. प्रतिमा तुडविणे हे त्यांनी कधी किरकोळ मानले नाही. पण आपल्या पापापेक्षा देवाची दया मोठी आहे, ही शिकवण त्यांनी घट्ट धरली. तीन वेळा नाकारूनही रडत परतलेल्या पेत्राचीच ही वाट होती.

त्यांनी आपसांत कामेही वाटून घेतली होती. एक जण सणवारांचे पंचांग सांभाळी, दुसरा बाप्तिस्मा देई, तिसरा घरोघरी निरोप पोहोचवी. बास्तियान नावाच्या एका धर्मशिक्षकाची भविष्यवाणी ते मुलांना सांगत, अशी परंपरा आहे. सात पिढ्या लोटल्यावर मोठ्या जहाजांतून धर्मगुरू येतील आणि मग दर आठवड्याला पापनिवेदन करता येईल, असे तो सांगून गेला होता. वचन होते ते धनसंपत्तीचे नव्हते, सत्तेचेही नव्हते, क्षमेचे होते.

१८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा भागात फ्रेंच मिशनऱ्यांनी परदेशीयांसाठी चर्च उभारले आणि ते त्याच सव्वीस रक्तसाक्ष्यांना अर्पण केले. १७ मार्च रोजी उराकामी गावचे सुमारे पंधरा जण तेथे आले. आमचे आणि आपले मन एकच आहे, असे एका स्त्रीने फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितले आणि पवित्र मारियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. प्रायश्चित्तकाळ चालू आहे, हेही त्यांना ठाऊक होते. दोन शतके धर्मगुरू न पाहिलेल्या लोकांनी दिवस मोजणे सोडले नव्हते.

दुःख मात्र सरले नव्हते. बंदी कायम होती. १८६८ ते १८७० या काळात उराकामीच्या सुमारे ३,४०० ख्रिस्ती लोकांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले. त्यांतील सहाशेहून अधिक जण तेथेच मरण पावले. १८७३ मध्ये बंदी उठली आणि उरलेले परतले. त्यांनी उभारलेल्या महामंदिरावर ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्बचा घाला पडला. स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून त्या वेळी आत पापनिवेदन चालू होते; धर्मगुरू आणि जमलेले श्रद्धावंत तेथेच गतप्राण झाले. ढिगाऱ्यातून मिळालेली एक घंटा त्याच वर्षीच्या नाताळच्या पूर्वसंध्येला वाजविण्यात आली. १९५९ मध्ये महामंदिर पुन्हा उभे राहिले.

धर्मग्रामात काम करीत असता आम्हांस एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘फादर, आता कोणत्या तोंडाने चर्चला येऊ?’ कोणाचे घर व्यसनाने मोडलेले असते, कोणी भावाशी जमिनीवरून वैर धरलेले असते, कोणी कर्जापायी खोटे बोललेले असते. संकट मनुष्याला जितके खचविते, त्याहून अधिक ही लाज खचविते. अशा वेळी आपण नागासाकीच्या त्या अनाम शेतकऱ्यांकडे आणि कोळ्यांकडे पाहावे. ते दरवर्षी पडले आणि दरवर्षी उठले. उद्या काय होईल, हे त्यांना ठाऊक नव्हते. आज रात्री देव आपले ऐकतो, एवढे त्यांना पुरेसे होते.

संत गोन्सालो यांचे धैर्य आपणांस वंदनीय आहे, पण त्यांच्यामागे उरलेल्या दुबळ्या भावंडांची चिकाटीही आपल्याच वारशाची आहे. ज्या क्षमेसाठी त्यांनी सात पिढ्या समुद्राकडे डोळे लावले, ती आपल्या चर्चच्या पापनिवेदनकक्षात वाट पाहत आहे. तेथवरचे अंतर चार पावलांचे आहे. ती पावले आपण टाकावीत.