किल्ली कोणाच्या हातात?

गेल्या दिवाळीत माझा मोबाइल आजारी पडला. बोलता बोलता बंद पडायचा आणि आपणहून पुन्हा सुरू व्हायचा. वय जेमतेम सहा वर्षे, पण कंपनीने त्याच्याकडे बघणे केव्हाच सोडले होते. दुकानदार म्हणाला, "सर, आता नवीनच घ्या." नातू म्हणाला, "आजोबा, यंत्र ठणठणीत आहे. आतली सिस्टीम बदलू. कंपनीची नाही, लोकांनी बनवलेली टाकू." याला कस्टम रॉम म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. काहीही नवे दिसले की पहिला प्रश्न, हे सुरू कधी झाले? नातवाला छळून आणि थोडे वाचून जे समजले ते असे.

अँड्रॉइडचा पहिला फोन अमेरिकेत ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीला आला. एचटीसी कंपनीने बनवलेला, जी-१ नावाचा. अँड्रॉइडचा सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, गुगलने सर्वांसाठी खुली केली होती. विकलेल्या फोनला मात्र कुलूप होते. काही आठवड्यांतच एक गंमत उघडकीला आली. कळफलकावर जे टाइप कराल ते पडद्यामागे थेट यंत्राला दिलेली आज्ञा म्हणूनही वाचले जाई. कोणी नुसते 'रिबूट' लिहून ओळ संपवली, तरी फोन बंद होऊन पुन्हा सुरू! गुगलने ती फट लगेच बुजवली, पण तोवर हौशी मंडळी आत शिरली होती.

त्यांचे काम पुढे नेणाऱ्यांपैकी एक स्टीव्ह कॉन्डिक. टोपणनाव सायनोजेन. २००९ मध्ये त्यांनी सुधारून वाटलेल्या प्रणालीला सायनोजेनमॉड नाव पडले. त्याच सप्टेंबरात गुगलच्या वकिलांचे पत्र आले. अँड्रॉइड खुले आहे, पण जीमेल, यूट्यूब ही आमची ॲप्स खुली नाहीत, ती वाटू नका. तोडगा निघाला. ज्याच्या फोनवर ती आधीपासून आहेत, त्याने ती काढून ठेवावीत आणि मागाहून पुन्हा घालावीत.

२०१३ मध्ये या हौसेची कंपनी झाली. २०१४ मध्ये वनप्लसचा पहिला फोन हीच प्रणाली घेऊन आला. भारतात मात्र सायनोजेनने मायक्रोमॅक्सशी वेगळा करार केला होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१४ मध्ये काही दिवस वनप्लसची विक्री थांबली. कुलूप उघडायला निघालेल्यांच्याच नावाने दुसरे कुलूप तयार झाले, असे मला हे वाचताना वाटले.

डिसेंबर २०१६ मध्ये त्या कंपनीने या प्रणालीचे काम गुंडाळले. नाव कंपनीच्या मालकीचे, ते तिच्याबरोबर गेले. संहिता मात्र गेली नाही. तिच्या नकला जगभर होत्या. स्वयंसेवकांनी त्याच घेऊन नवे नाव दिले, लिनिएज ओएस. लिनिएज म्हणजे वंशपरंपरा. आपल्याकडच्या पोथ्या अशाच तर टिकल्या. एका वाड्याला आग लागली, तरी दुसऱ्या गावच्या देवघरात नक्कल असायची.

हे वर्गात मी तीस वर्षे सांगितले. आणि स्वतः?

नवी सिस्टीम घालण्यापूर्वी बूटलोडर नावाचे कुलूप उघडावे लागते, आणि ते उघडले की फोनवरचे सारे पुसले जाते. नातवाने विचारले, "आत महत्त्वाचं काही आहे का?" होते. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणाऱ्या आमच्या गावच्या वृद्धांची तेवीस ध्वनिमुद्रणे. खडी फोडायला गेलेली माणसे, सुकडीवर दिवस काढलेली माणसे. त्यांतले बहुतेक आता नाहीत. नक्कल एकही केली नव्हती.

त्या रात्री फोन मध्येच बंद पडत होता आणि नातू चिकाटीने एकेक फाइल संगणकावर उतरवत होता. एकवीस आल्या. दोन अर्ध्यावर तुटल्या, त्या तुटल्याच. दोष फोनचा नव्हे, माझा.

मग कुलूप उघडले, लिनिएज चढवले. फोन आता झोप झालेल्या मुलासारखा ताजातवाना आहे. बँकेचे ॲप मात्र चालत नाही. कुलूप उघडलेल्या घरात यायची त्याची तयारी नाही. पासबुक घेऊन जातो, पायांना व्यायाम होतो.

असो. ती एकवीस ध्वनिमुद्रणे आता तीन ठिकाणी आहेत. एक नक्कल गावच्या वाचनालयात देऊन आलो. तुमच्या मोबाइलमध्ये असे कोणाचे आवाज असतील, तर फोन धडधाकट आहे तोवरच नक्कल करून ठेवा.