बेगड, मांजरपाट आणि भिंग

साल 1919. कोल्हापूर. ऊन चांगलंच वर आलंय आणि तुमच्या हातात बेगड लावलेली एक फळी आहे. काम ऐकायला सोपं: ऊन पकडायचं आणि समोर उभ्या असलेल्या बाईंच्या गालावर सोडायचं.

"आरं तिरकं धर की! भिताडावर कशाला पाडतोयस ऊन?" मागून एक जुना गडी खेकसतो.

तुम्ही फळी जराशी हलवता, तर कवडसा बाईंना ओलांडून पार पलीकडे जातो. चूक हाताची नाही. फळी जितके अंश वळते, त्याच्या दुप्पट अंशांनी परतणारा किरण वळतो. तासाभरात हे तुमच्या मनगटाला कळेल, गणित न मांडता.

ही महाराष्ट्र फिल्म कंपनी. 'सैरंध्री'चं चित्रण चालू आहे. तानीबाई कागलकरांनी पैसा घातलाय, शाहू महाराजांचा पाठिंबा आहे. गुलाबबाई आणि अनसूयाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्यात, आणि हे धाडस साधं नाही. बायका मिळत नाहीत म्हणून कंपनीला आधीचा 'सीता स्वयंवर'चा बेत सोडून द्यावा लागला होता.

वर बघा. उघड्या मांडवावर मांजरपाट ताणलाय. नुसतं ऊन तोंडावर पडलं की डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळेकुट्ट डाग उमटतात. कापडाच्या धाग्याधाग्यावर आपटून तोच उजेड दाही दिशांना फुटतो, मग सावलीच्या कडा विरघळतात. म्हणजे बेगड उजेडाला एका वाटेने धाडते आणि कापड त्याला पांगवतं. चेहरा या दोघांच्या मधे कुठेतरी सापडतो.

तो शोधणारा माणूस कॅमेऱ्याजवळ उभा आहे, बोलत फारसा नाही. बाबूराव पेंटर. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. पडद्यावर सावली हवी तर काळा रंग कालवायचा. इथे ती ऊन अडवूनच करावी लागते. आनंदराव 1916 साली गेले, दोघांचं सिनेमा काढायचं स्वप्न अर्धंच राहिलं. बाबूरावांनी आपले शिष्य दामले यांच्या मदतीने कॅमेराच घरी बनवला, 1918 पर्यंत. विकत आणणं परवडत नव्हतं हे खरं, पण मला वाटतं, यंत्र उघडून पाहिल्याशिवाय या माणसाला चैन पडलं नसतं.

हँडल फिरतंय, सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं. पुढे भिंग. उजेड काचेत शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटरवरून सुमारे दोन लाखांवर येतो, आणि तिरका शिरला तर वाकतो. काचेच्या गोलाईमुळे हे वाकणं नेमकं फिल्मवर एकवटतं. पण काच सगळाच उजेड आत घेत नाही. प्रत्येक पृष्ठभागावरून शेकडा चार भाग मागे परततो. असे सहा पृष्ठभाग असले तर शंभरातले अठ्ठ्याहत्तरच पार जातात. बाकीच्यातला काही आतल्या आत घुटमळून चित्रावर धुकं धरतो. म्हणूनच भिंगाच्या तोंडावर थेट ऊन येऊ द्यायचं नाही. तुमची फळी सांभाळा.

रात्री अंधारखोलीत चला. इथे लाल दिवा चालतो, कारण या काळातल्या फिल्मला लाल रंग दिसतच नाही. मजा छापलेल्या पट्टीत आहे. बाईंचं कुंकू काळं, ओठ काळे, आणि चित्राच्या कडेला चुकून आलेला तुमचा लाल फेटाही कोळशासारखा. उलट निळं आभाळ पांढरंफटक. रंगाऱ्याला रंग नव्याने शिकायला लावणारी ही गोष्ट. लाल-पिवळ्यावर भिस्त ठेवून उपयोग नाही, कुठला रंग किती करडा उमटेल तेवढं पाहायचं.

आणि पट्टीवरची ही काळी नक्षी कशाची? चांदीची. जवळच्याच हुपरीत पैंजण होऊन लखलखणारी तीच चांदी. सपाट, घोटलेल्या पत्र्यावर ती जवळजवळ सगळा उजेड परतवते. फिल्मवर तिचे बारीक, गुंतवळासारखे कण होतात, उजेड त्यात अडकतो आणि बाहेरच येत नाही. धातू एकच, फक्त घडण वेगळी.

7 फेब्रुवारी 1920, पुणे, आर्यन सिनेमा. 'सैरंध्री' पडद्यावर आलाय. तुम्ही बाजूच्या खुर्चीत बसलात तरी चित्र स्वच्छ दिसतं. पडदा पांढरा आणि खडबडीत आहे म्हणून. तिथे आरसा टांगला असता तर प्रत्येकाला प्रोजेक्टरच्या दिव्याचा डोळे दिपवणारा ठिपका दिसला असता आणि कथेतला खलनायक कीचक कुणालाच नाही. हा चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

आणखी तीन वर्षं पुढे. 1923, 'सिंहगड'. आता सूर्यावर अवलंबून राहायचं नाही, चित्रणाला कृत्रिम दिवे आलेत. तुमची फळी कोपऱ्यात गेली असं समजू नका. दिवा आला की सावल्यांची भांडणं वाढतात, फळी लागतेच.

बाबूराव 16 जानेवारी 1954 रोजी गेले. 'सैरंध्री' आज पाहायला मिळत नाही. त्यांच्या मूकपटांतलं फार थोडं उरलंय. 1927 चा 'मुरलीवाला' पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलाय. कधी कुठे दाखवला गेला तर जरूर जा, आणि कथा बाजूला ठेवून आधी चेहऱ्यांवरचा उजेड कुठून आलाय ते बघा.