गाडीच्या गळ्याची बखर

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, दुष्काळ असतात; पण माणूस धावत्या गाडीत बसून गाणं ऐकायला केव्हा लागला, याविषयी एक ओळ सापडत नाही. एवढी मोठी घटना इतिहासाचार्यांच्या नजरेतून सुटली, तेव्हा ती एका बँकेच्या कारकुनाने नोंदवली तर कुणाची हरकत नसावी. मी कॉमर्सचा पदवीधर. लेजर लिहिणाऱ्या माणसाला बखर लिहिणे काही अवघड नाही. दोन्हींत फरक एवढाच, की लेजर शेवटी जुळावे लागते.

बखरीला मूळ पुरुष लागतो. आमच्या बखरीचा मूळ पुरुष पॉल गॅल्व्हिन. शिकागोत राहणारा, धंद्यात दोनदा बुडालेला आणि तरीही धंदाच करणारा. १९२८ साली त्याने आपल्या भावाबरोबर एक छोटा कारखाना काढला. घरातला बॅटरीवरचा रेडिओ विजेवर चालावा म्हणून लागणारे एक यंत्र ते बनवीत. पुढे थेट विजेवर चालणारे रेडिओच आले आणि त्या यंत्राचे दिवस भरले. त्यात १९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. तेव्हा गॅल्व्हिनच्या मनात आले, की घरातल्या रेडिओची सोय झाली. आता गाडीत रेडिओ बसवावा.

म्हणायला सोपं! गाडीचे इंजिन चालते ते ठिणग्यांवर, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे रेडिओच्या दृष्टीने एक स्वतंत्र आकाशवाणी केंद्र. गायकाने तोंड उघडले की आतून तडतड तडतड, फोडणीत मोहरी पडल्यासारखी. शिवाय एरियल कुठे लावायचे? तर छताच्या आतल्या कापडामागे. बॅटऱ्या कुठे? पायाखाली, गाडीच्या तळाशी. बसवायला दोन माणसे आणि काही दिवस लागत. एवढे करून किंमत शंभर डॉलरच्या वर, आणि साधी नवी फोर्ड गाडी मिळे पाच-सहाशे डॉलरला. म्हणजे घोडा पाच रुपयांचा आणि त्याच्या गळ्यातली घुंगरं एक रुपयाची.

आता पुढची गोष्ट आम्हा बँकवाल्यांनी भक्तिभावाने ऐकावी अशी आहे. असे सांगतात, की गॅल्व्हिनला कर्ज हवे होते. बँकरचे मन वळवावे म्हणून त्याने त्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासात त्या गाडीने पेट घेतला. कर्ज काही मिळाले नाही. तारणासंबंधीचे नियम इतके कडक का, असे गिऱ्हाईक मला काउंटरवर विचारते, तेव्हा ही गोष्ट सांगावीशी वाटते. पण मागे रांग असते.

गॅल्व्हिन मात्र खचला नाही. जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ बनवणाऱ्यांचे संमेलन होते. तिथे मांडव घ्यायला पैसे नाहीत. त्याने आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला, शिकागोहून गाडी हाकत नेली, संमेलनाच्या दाराशी उभी केली आणि आवाज मोठा केला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी थांबून ऐकले आणि मागण्या नोंदवल्या. आज आपल्या गल्लीत कुणी गाडीची दारे सताड उघडून सगळ्या पेठेला गाणी ऐकवतो, तेव्हा आपण त्याला नावे ठेवतो. पण परंपरा जुनी आहे. या रेडिओला नाव दिले मोटोरोला. मोटारीतला ‘मोटर’ आणि त्या काळच्या व्हिक्ट्रोला नावाच्या ग्रामोफोनचा ‘ओला’.

नवी सुखाची वस्तू आली की तिच्या मागोमाग बंदी येतेच. १९३० च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि सेंट लुई इथे गाडीतल्या रेडिओवर बंदी आणण्याचे प्रस्ताव निघाले. विरोधकांचे म्हणणे, की गाण्याने चालवणाऱ्याचे लक्ष उडते. आणखी एक म्हणणे, की गाण्याने त्याला झोप लागते. आमच्या घरीही माझ्यावर एकाच वेळी फार बोलतो आणि काहीच बोलत नाही असे दोन्ही आरोप असतात, त्यामुळे ही विचारसरणी मला परकी वाटली नाही.

युरोपात १९३२ साली जर्मनीच्या ब्लाउपुंक्टने गाडीचा रेडिओ काढला. या नावाचा अर्थ निळा ठिपका. त्यांचे हेडफोन तपासून पास झाले की त्यावर निळा ठिपका लावीत. गिऱ्हाईक ठिपकाच मागू लागले, तेव्हा कंपनीने तेच नाव घेतले. आमच्याकडे लाल शाईची खूण प्रसिद्ध आहे. पण ती पाहून आजवर कुणी आनंदाने खाते उघडलेले नाही.

रेडिओत एक उणीव. तो त्याला हवे ते ऐकवतो, आपल्याला हवे ते नाही. आपल्याकडे तर १९५२ साली नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपारच केली. लोकांनी काय केले? रेडिओची सुई सिलोनवर नेली. सरकारला शहाणपण सुचून विविध भारती सुरू व्हायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडला. देशात गाणे हवे म्हणून समुद्र ओलांडावा लागला, ही गोष्ट आमच्या बखरीत ठळक अक्षरांत लिहायला हवी.

आपल्या आवडीचे गाणे गाडीत हवे, या हट्टापायी माणसाने काय काय केले! १९५६ च्या क्रायस्लर गाड्यांत चक्क रेकॉर्ड वाजवायचे यंत्र आले. सात इंची तबकडी, मिनिटाला पावणेसतरा फेरे. सुई उडू नये म्हणून ती तबकडीवर जोराने दाबलेली. त्यामुळे ती दर वेळी गाणे ऐकवी आणि थोडे खरवडूनही नेई. शिवाय तबकड्या एकाच कंपनीच्या. ते यंत्र फार दिवस टिकले नाही. मग १९६४ साली बिल लिअर या गृहस्थाने आठ ट्रॅकची काडतुसासारखी टेप काढली आणि १९६६ च्या फोर्ड गाड्यांत ती येऊ लागली. हा लिअर म्हणजे गॅल्व्हिनच्या पहिल्या गाडी-रेडिओतही ज्याचा हात होता तोच, आणि पुढे विमानेही त्यानेच बनवली. त्या टेपचा गुण असा, की ती कधी संपत नसे. आणि दोष असा, की ऐन गाण्याच्या मध्यात ‘खट्’ करून रूळ बदले. गाणे मध्येच विरून जाई आणि ‘खट्’नंतर पुन्हा उगवे. दुपारी जेवणाच्या सुट्टीसाठी काउंटर बंद व्हावा तसे.

खरा विजय झाला तो एका लाकडाच्या ठोकळ्याचा. फिलिप्स कंपनीत लू ऑटेन्स नावाचे इंजिनियर होते. त्यांनी कोटाच्या खिशात मावेल असा ठोकळा कापून घेतला आणि टेपरेकॉर्डर याहून मोठा होता कामा नये असे ठरवले. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट आली. पावणेचार मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर असा सावकाश चालणारा तिचा वेग. तासाभराच्या कॅसेटमध्ये नव्वदएक मीटर फीत असते. ती कधीतरी बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची. या विद्येचे शेवटचे जाणकार आम्ही चाळिशीतले लोक.

इथे आमच्या बखरीचा अमेरिकाखंड संपतो आणि सांगलीखंड सुरू होतो.

सांगलीत माझ्या मेहुण्याकडे १९९८ ची सुमो आहे. टाटांनी ही गाडी १९९४ साली काढली आणि कंपनीची धुरा वाहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली ‘सु’ आणि ‘मो’ ही अक्षरे तिला दिली. जपानी पैलवानाचा संबंध नाही. तो आपला दिसण्यापुरता. पंधरा वर्षांनंतरचे पासिंग, पर्यावरण कर सगळे भरून ती अजून चालते. तिच्यात एक जुना कॅसेट प्लेअर होता. मेहुण्याला तो काढून मोठ्या पडद्याचा नवा सेट बसवायचा होता. मला म्हणाला, “दाजी, दोनशे वॅट आहे! पन्नास गुणिले चार!”

मी बँकेतला माणूस. खोक्यावरचा आकडा म्हणजे पगाराची ढोबळ रक्कम; हातात पडते ती निराळी. बारा व्होल्टची बॅटरी, इंजिन चालू असताना फार तर चौदा. एवढ्या दाबाने साधा सेट चार ओहमच्या स्पीकरला खणखणीत असे वीसएक वॅटच देतो. पन्नासचा आकडा क्षणभराचा, कर्जमेळाव्यातल्या आश्वासनासारखा. आणि कानाचा हिशेब तर आणखी वेगळा. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. चक्रवाढ व्याजाची सवय असलेला माणूसही इथे दचकतो.

दुसरी अडचण भोकाची. गाडीच्या सेटचे जागतिक माप १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. पडद्याच्या सेटला उंची १०० लागते. म्हणजे डॅशबोर्ड कापायचा.

तिसरी अडचण कुणी बोलून दाखवत नव्हते. ती म्हणजे अण्णा, माझे सासरे.

सासूबाई जात्यावरच्या ओव्या म्हणत. घरातले जाते बंद पडले तरी ओव्या चालू होत्या. कुणीतरी १९९९ साली त्या एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतल्या. सासूबाईंना जाऊन आता बारा वर्षे झाली. घरातला टेपरेकॉर्डर त्याआधीच गेला होता. त्यामुळे ती कॅसेट वाजू शकेल अशी घराण्यात एकच जागा उरली होती : सुमो. अण्णा संध्याकाळी गाडी पुसायला म्हणून जात. काचा वर करून पाऊण तास आत बसत. गाडी काही तेवढी स्वच्छ नसे.

मेहुणा वाईट नाही. त्याच्याही आईचा आवाज तो. पण हा विषय बापलेकांत निघायचा कसा? शेवटी वायरिंगच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने तो सोडवला. त्याने कॅसेट पाहिली, अण्णांकडे पाहिले आणि म्हणाला, “आधी नक्कल काढा, मग मी गाडीला हात लावतो.” लाखमोलाची गोष्ट! फीत प्रत्येक फेरीत थोडीथोडी झिजतेच. माझ्या मुलीने ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून तीन ठिकाणी ठेवली.

मग मिस्त्रीने सांगितले, की बिघाड पेटीत नाही, गळ्यात आहे. स्पीकरचे कागद विरले होते, दरवाजाचे पत्रे पत्र्यासारखेच थरथरत होते. त्याने दारांच्या आत डांबराच्या जातीचे जाड पट्टे चिकटवले, चार नवे स्पीकर बसवले, अर्थिंगची वायर रंग खरवडून थेट उघड्या पत्र्याला जोडली. इंजिनाबरोबर चढणारी कुंई थांबली. गॅल्व्हिनला छळणाऱ्या तडतडीचीच ती पणती. जुन्या प्लेअरला नवा रबरी पट्टा आणि स्पिरिटने डोके साफ. मेहुण्यासाठी कॅसेटच्याच आकाराची, वायरचे शेपूट असलेली एक वस्तू आली. ती आत सरकवली की मोबाइलमधली गाणी वाजतात. पडदा त्रेचाळीस हजारांचा होता. हे सगळे साडेअकरा हजारांत झाले.

पहिली कॅसेट अर्थातच ओव्यांची लागली. आम्ही सगळे आत बसलो होतो. दोन ओव्यांच्या मध्ये, आजवर खरखरीत बुडालेला एक पुरुषी आवाज स्पष्ट ऐकू आला : “अगं, चहा टाकतेस का?” आणि सासूबाईंनी दखलही न घेता पुढची ओवी धरली.

गाडीत कुणी बोलेना. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तेव्हाही ऐकलं नाही तिनं,” ते म्हणाले. “मागं घे रे जरा.”