मायक्रोफ्रेमवर्क
मायक्रोफ्रेमवर्क : इंटरनेटवरून आलेली मागणी स्वीकारणे, ती योग्य फंक्शनकडे सोपविणे व उत्तर परत धाडणे एवढ्यापुरतीच साधने पुरविणारी आटोपशीर प्रोग्रॅम-चौकट. एका प्रोग्रॅमने दुसऱ्यास माहिती देण्याचे संकेत म्हणजे एपीआय. लहान एपीआय उभारण्यासाठी या चौकटी विशेषेकरून योजतात.

१९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत निघालेल्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी नवी प्रक्रिया सुरू करावी लागे. पुढे रेल्स (२००४) व जँगो (२००५) या सर्वांगपूर्ण चौकटी आल्या. मात्र दोनचार पत्त्यांवर माहिती देणाऱ्या सेवेस त्यांचा संभार जड होई. २००७ मध्ये रुबी भाषेतील सिनात्राने पत्ता व त्यावरील कृती एकाच ठिकाणी लिहिण्याची सोय केली. पुढील बहुतेक लघुचौकटी याच कल्पनेच्या ऋणी आहेत.

फ्लास्कचा उगम मोठा गमतीदार आहे. १ एप्रिल २०१० रोजी ऑस्ट्रियन प्रोग्रॅमर आर्मिन रोनाखर यांनी ‘डिनाइड’ ही एकाच फाइलीतील चौकट थट्टेखातर प्रसिद्ध केली. तिच्या पोटात दोन पूर्ण लायब्रऱ्या दडविलेल्या होत्या. तरीही अनेकांनी ती खरी मानली. त्याच महिन्यात त्याच लायब्रऱ्यांवर, परंतु उघडपणे, आधारलेली फ्लास्क अवतरली. तीत फंक्शनच्या माथ्यावर पत्त्याची एक ओळ लिहिली की काम भागते. डेटाबेस किंवा वापरकर्त्याची ओळख पटविण्याची व्यवस्था मात्र तीत अंतर्भूत नाही. चौकटीने टाळलेला हा भार नाहीसा होत नाही, तो प्रोग्रॅमरच्या माथी येतो. सुरक्षिततेच्या बाबतीत हे पुष्कळदा उशिरा ध्यानात येते.

जावास्क्रिप्टमधील एक्सप्रेसचा (२०१०) इतिहास वेगळ्या कारणाने उद्‌बोधक ठरतो. २०१४ मध्ये मूळ कर्त्याने तिचे भांडार स्ट्राँगलूप या कंपनीकडे सोपविले. प्रत्यक्ष देखभाल करणाऱ्यांत त्यामुळे नाराजी पसरली. असंख्य सेवा जिच्यावर उभ्या आहेत, तिची मालकी कोणाची, हा प्रश्न तेव्हा प्रथमच तीव्रतेने पुढे आला. २०१५ मध्ये आयबीएमने ती कंपनी घेतली व २०१६ मध्ये एक्सप्रेस नोड.जेएस फाउंडेशनच्या छत्राखाली गेली. तिची पाचवी आवृत्ती २०१४ पासून रखडली होती, ती अखेर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

२०१८ मध्ये सेबास्टियन रामिरेझ यांनी पायथनमध्ये फास्टएपीआय ही चौकट निर्माण केली. फंक्शनमध्ये नोंदविलेल्या माहिती-प्रकारांवरूनच ती आलेली माहिती तपासते आणि एपीआयची माहितीपत्रिकाही आपोआप तयार करते.