दातातला किडा

आमच्या परभणीकडे दाढ ठणकू लागली, की जाणती माणसं भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धुरी देत. धुरानं किडे पडतात म्हणे! हसू नका, सुश्रुतानंही या दुखण्याला 'कृमिदंत'च म्हटलंय. युरोपात खुरासनी ओव्याच्या बियांची धुरी देत. पडलेले 'किडे' म्हणजे उष्णतेनं बियांतून बाहेर आलेले कोंब! १७२८ साली फ्रान्सच्या प्येर फोशारनं लिहिलं, की सूक्ष्मदर्शकातूनही आपल्याला किडा दिसला नाही.

मग धुरीनं ठणका थांबे कसा? दाताच्या आत मऊ गाभा, त्यात नस. कीड तिथवर पोचली की गाभा सुजतो, पण भोवती कठीण भिंत. सुजायला जागाच नाही. गाभा मेला की ठणका आपोआप थांबतो. श्रेय धुरीला! पू मात्र मुळाशी साठत राही आणि पुढं गाल सुजे...

आता डॉक्टर थंड लावून बघतात. कळ लगेच गेली तर दात भरून बहुधा भागतं. रेंगाळली तर रूट कॅनाल, नाहीतर दाढ काढणं. तेही सुसह्य झालं ते बधिर करणाऱ्या लिग्नोकेनमुळं, जे स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं. मराठवाड्यात औरंगाबादला सरकारी दंत महाविद्यालय निघालं, ते १९८२ साली.