नाव कुठे घातलंय?

मुंबईच्या उपनगरांत एखाद्या घरी सुनेला दिवस गेले, की शेजारीण पहिला प्रश्न विचारते, 'नाव कुठे घातलंय?' म्हणजे बाळंतपणासाठी कोणत्या इस्पितळात नोंदणी केली आहे? घाटकोपरची बाई राजावाडी सांगते, बोरिवलीची भगवती, मुलुंडची अगरवाल, अंधेरीची कूपर किंवा जवळचं पालिकेचं प्रसूतिगृह. इतका साधा प्रश्न. पण माझ्या आजीला हा प्रश्न कोणी विचारला असता, तर तिला तो कळलाच नसता. नाव बाळाचं घालतात, आणि तेही बाराव्या दिवशी, एवढंच तिला ठाऊक होतं.

हा प्रश्न आपल्या बोलण्यात कसा आला, त्याची गोष्ट आज सांगायची आहे. ती सुरू होते आपल्या लोकलच्या वाटेवरच्या कल्याणात. आनंदीबाई जोशी मूळच्या कल्याणच्या. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांतच गेलं. वैद्यकीचं शिक्षण घेण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हे दुःख होतं. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. दुर्दैवानं पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या.

त्याच सुमारास मुंबईत बायकांसाठी बायकांनी चालवायचं इस्पितळ उभं राहत होतं. जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी त्यासाठी निधी उभारला, पेस्तनजी होरमसजी कामा यांनी मोठी देणगी दिली आणि डॉ. एडिथ पेची इंग्लंडहून आल्या. १८८६ साली कामा इस्पितळ सुरू झालं. पुरुष डॉक्टरनं हात लावलेला चालत नाही म्हणून कित्येक बायका घरीच तडफडत होत्या. त्यांना निदान एक दार उघडलं. पारशी समाजातही बाळंतिणींना तळमजल्यावरच्या ओलसर, अंधाऱ्या खोलीत ठेवायची रीत होती आणि सूतिकाज्वरानं अनेकींचा बळी जात होता. ते पाहून डॉ. तेमुलजी नरीमन यांनी पारशी बाळंतिणींसाठी प्रसूतिगृह काढलं.

पण ही सगळी सोय शहरात. आणि शहरातही गिरणगावच्या एका खोलीत दाटीनं राहणाऱ्या बाईपर्यंत ती कितीशी पोचणार? १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक तान्ही बाळं दगावल्याची नोंद आहे. आकडा वाचून अंगावर काटा येतो. मात्र तो जपून वाचायला हवा. गिरणीतल्या बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात. बाळाचा जन्म गावी व्हायचा, पुष्कळदा कुठेच नोंदला जायचा नाही. मग आई दोन-तीन महिन्यांचं मूल घेऊन खोलीवर परत यायची आणि ते मूल दगावलं तर मृत्यूची नोंद मात्र मुंबईत व्हायची. तेवढं वजा केलं, तरी उरतं ते भयंकरच.

कामावरच्या बाईला बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी, यासाठी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आलं. १९२८ साली त्याच्या बाजूनं बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आईच्या विश्रांतीचा संबंध थेट देशहिताशी जोडला. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. त्याआधी १९२६ साली परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं होतं, गिरणगावच्या अगदी दारात.

उपनगरांचं काय? ती तेव्हा मुंबईत नव्हतीच. १९२० साली वेगळा उपनगर जिल्हा झाला होता. घाटकोपर-किरोळ, पार्ले-अंधेरी, कुर्ला, वांद्रे अशा छोट्या छोट्या नगरपालिका होत्या. बाकी भातशेती, मिठागरं, कोळीवाडे, आगरी वस्त्या. १९२८ साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली. माणसं राहायला आली, बिऱ्हाडं थाटली. कळा सुरू झाल्या, की मात्र सुईणीला बोलवा, नाहीतर गाडीनं शहर गाठा, असे दोनच मार्ग. रात्रीची शेवटची गाडी गेली, की एकच.

१९५० साली अंधेरी, घाटकोपर ही उपनगरं बृहन्मुंबईत आली. १९५७ साली बोरिवली आणि मुलुंडही आले. पाणी, रस्ते, शाळा यांबरोबर दवाखाने आणि प्रसूतिगृहं ही पालिकेची जबाबदारी झाली. माझ्या आईचं आयुष्य नेमकं या वळणावर सापडलं.

आईचं पहिलं बाळंतपण १९५५ साली गावी झालं. मुलगा होता. सुईणीनं विळ्यानं नाळ कापली, वर राख लावली. सातव्या दिवशी बाळाचा जबडा मिटला, दूध ओढेना, आणि आठव्या दिवशी ते गेलं. घरात म्हणाले, सटवाईनं एवढंच लिहिलं होतं. तो धनुर्वात होता, हे आईला कळलं तीन वर्षांनी. माझ्या वेळी दिवस राहिल्यावर तिनं माहेरी जायचं नाकारलं आणि घाटकोपरच्या बिऱ्हाडाजवळच्या पालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घातलं. तिथल्या सिस्टरनं पहिल्या बाळाची हकीकत विचारली. आईनं सांगितली. सिस्टर थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बाई, यात तुमचा काही दोष नव्हता." हे वाक्य आई शेवटपर्यंत सांगायची. माझ्या जन्माच्या कळा ती विसरली होती, हे वाक्य विसरली नाही.

त्या सुईणीला मी दोष देत नाही. रात्री-अपरात्री कंदील घेऊन तीच यायची, दुसरं कोणी येत नव्हतं. तिच्या हातात अनुभव होता. उकळलेली कात्री आणि लस मात्र तिला कोणी दिली नव्हती. आई आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचं आपल्या देशातून उच्चाटन झाल्याची जागतिक मान्यता थेट २०१५ साली मिळाली, म्हणजे माझा भाऊ गेल्यानंतर साठ वर्षांनी.

बाळंतपण इस्पितळात गेलं, तसं तिथं नवं ज्ञानही जन्माला आलं. पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भ राहत नाही अशा बायकांसाठी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालण्याची रीत मुंबईतच डॉ. वि. ना. शिरोडकरांनी १९५५ च्या सुमारास मांडली. तो 'शिरोडकर टाका' आज जगभर घालतात. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचं जास्तीचं दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मिळू लागलं.

१९९२-९३ च्या पाहणीत महाराष्ट्रातली निम्म्याहून कमी बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती सुमारे ९५ टक्के झाली. २०१८-२० मध्ये राज्यात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू झाला. देशात हे प्रमाण आपल्यापेक्षा कमी होतं ते फक्त केरळात. हे यश मोठं आहे.

तरी ९५ टक्क्यांच्या आत काय चालतं, तेही पाहिलं पाहिजे. प्रसूतिगृहात गुंतागुंत झाली, की हातात चिठ्ठी मिळते: मोठ्या इस्पितळात न्या. तिथे खाट नसली, की पुढची चिठ्ठी. १९८४ साली मी स्वतः कळा देत अशी दोन इस्पितळं टॅक्सीनं पाहिली आहेत. तिसऱ्या ठिकाणी माझी मुलगी झाली. कळा असह्य होऊन ओरडणाऱ्या बाईला वॉर्डात काय काय ऐकवतात, हे ज्या बायकांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. 'स्नेहा' या संस्थेनं पालिकेच्या दवाखान्यांबरोबर काम करून कोणत्या बाईला कधी, कुठे पाठवायचं याची घडी बसवायचा प्रयत्न केला. असं काम प्रत्येक प्रसूतिगृहात रुजायला हवं. दुसरीकडे, आता राज्यात चारांतलं एक बाळंतपण शस्त्रक्रियेनं होतं. त्यातल्या किती शस्त्रक्रिया खरोखर गरजेच्या, हेही विचारायला हवं.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ आज थोडा वेळ बसा. कोणतं मूल कुठे झालं, सुईण कोण होती, सोबत कोण होतं, हे विचारा. जी मुलं राहिली नाहीत, त्यांच्याबद्दलही विचारा. आणि ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. माझ्या भावाच्या जन्माची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. आईनं सांगितलं, म्हणून तो मला ठाऊक आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)